थेल्मा क्रोलचं अर्धं वाक्य

ज्युरीच्या खोलीत काय बोललं गेलं ते बाहेर सांगायला आमच्याकडे कायद्याने बंदी आहे. सांगेल त्याला शिक्षा. मी आता एक्याऐंशी वर्षांची आहे, दोन्ही गुडघे बदलून झालेत, आणि ज्याला मला पकडायला यायचं असेल त्याने खुशाल यावं, मी चहा ठेवीन. इतकी वर्षं गप्प बसले ती काही कायद्याच्या धाकाने नव्हे. सांगायला घेतलं की त्यात सगळ्यात वाईट मीच दिसते, म्हणून गप्प बसले.

आधी माझी बढाई सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात दर वसंतात गावोगावी शेतकी प्रदर्शनं भरतात. बैल, मेंढ्या, घोडे आणि एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये बायकांचे केक. त्या केकांची मी परीक्षक. केकवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण कोणता केक कोणाचा हे आमच्या भागात न कळायला माणूस जन्मांधच हवा. एकीच्या ओव्हनचा डावा कोपरा जास्त तापतो, तिचा फ्रूटकेक नेहमी डावीकडे काळपट. दुसरीचे बदाम मोजून सोळा. सगळं कळतं, आणि कळलं नाही असं समजून सुरी चालवायची असते. मी ते वीस वर्षं केलं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या केकला मी तिसरा नंबर दिला तेव्हा ती नाताळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती, आणि मी ते प्रशस्तिपत्रासारखं मिरवत होते. माझ्या टेबलावर एक नियम होता. मदतीला आलेल्या बाईने 'हा अमकीचा केक ना?' असं तोंडातून काढलं, की त्या दिवसाची सगळी भांडी तिने घासायची.

एक्कावन्न वर्षांची असताना मला ज्युरीचं बोलावणं आलं. कोर्ट आमच्यापासून तासाभरावर, बेरिंगाल गावात. ऑगस्टचा महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी, आणि ज्युरीच्या खोलीत एकच हीटर, तोही दाराजवळ. पहिल्याच दिवशी चहा घेताना मी बाकीच्या अकरा जणांना केकांचं हे पुराण ऐकवलं असणार, कारण दुपारपर्यंत त्यांनी मलाच प्रमुख करून टाकलं. अर्न टिपेट नावाचा एक म्हातारा शेतकरी होता, तो म्हणाला, "विनबाईंनाच करा. सख्ख्या बहिणीला सोडलं नाही, त्या आरोपीला काय सोडणार." सगळे हसले. मीही हसले.

आरोपीचं नाव ओवेन मॅडर्न. चौतीस वर्षांचा, उंच, खांदे पाडून बसणारा. स्टॅन्ली क्रोल नावाच्या माणसाच्या गाईंच्या गोठ्यावर तो कामाला होता. दूध काढण्याच्या यंत्रावरून दोघांचं भांडण झालं आणि क्रोलने त्याला उभ्या उभ्या काढून टाकलं. त्यानंतर चौथ्या दिवशी, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, क्रोलची गवताची शेड पेटली. वर्षभराची वैरण जळाली, आत उभा असलेला ट्रॅक्टर जळाला. आग विझवायला आलेल्या एका माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. ओवेननेच आग लावली, असं सरकारचं म्हणणं.

पुरावा म्हणाल तर थोडका. शेड पेटायच्या अर्धा तास आधी ओवेनची पांढरी पिकअप गाडी क्रोलच्या फाटकाशी उभी असलेली दिसली होती. ओवेन ते नाकारत नव्हता. तो म्हणाला, माझे रबरी बूट आणि वडिलांचा जुना कोट गोठ्यात राहिले होते, ते घ्यायला गेलो होतो. मग घेतले का नाहीस, असं सरकारी वकिलाने विचारलं, कारण बूट आणि कोट दोन्ही गोठ्यात तसेच सापडले होते. त्यावर ओवेन खाली बघून म्हणाला, "स्वयंपाकघरातला दिवा लागलेला दिसला. मला लाज वाटली. परत फिरलो." सरकारी वकील नुसता भुवई उंचावून बसला. त्या भुवईचं काम वकिलाच्या दहा प्रश्नांएवढं झालं.

दुसरीकडे, ते गवत ओलसर असताना बांधलेलं होतं. आगीचा तज्ज्ञ स्वतःच म्हणाला की ओल्या गवताचे गठ्ठे रचले की ते आतून तापत जातात, आणि दोन-चार आठवड्यांनी आपोआप पेट घेऊ शकतात. गठ्ठे रचून एकोणीस दिवस झाले होते. आग कशाने लागली ते मी खात्रीने सांगू शकत नाही, असं तो शपथेवर बोलला. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. गंजीत लोखंडी पहार खुपसून ठेवायची, सकाळी उपसून हात लावायचा, चटका बसला तर गंजी फोडायची. क्रोलने पहार खुपसली नव्हती.

खटल्याच्या तिसऱ्या दिवशी क्रोलची बायको थेल्मा साक्षीला उभी राहिली. गोल चेहऱ्याची, हातात पर्स घट्ट धरलेली, बोलायला उत्सुक बाई. पिकअप तिनेच खिडकीतून पाहिली होती. पिकअप दिसल्यावर तुम्ही काय केलंत, असं सरकारी वकिलाने विचारलं.

ती म्हणाली, "मी स्टॅन्लीला म्हटलं, हा ओवेनच. आधीच्या मालकाकडेही यानं हेच केलं होतं, कामावरून काढल्यावर—"

बचावाचा वकील, पेंडर नावाचा तरुण, असा ताडकन उठला की त्याची खुर्ची मागे पडली. जज्जसाहेबांनी हात वर केला. आम्हाला बाहेर नेऊन बसवलं. वीस मिनिटांनी परत आत घेतलं तेव्हा थेल्मा क्रोलचा चेहरा लाल झाला होता आणि ओवेन हाताच्या नखांकडे बघत होता. जज्जसाहेब आमच्याकडे वळून अगदी सावकाश बोलले. साक्षीदार आधीच्या मालकाबद्दल काही बोलू लागली होती, त्याचा या खटल्याशी संबंध नाही. ते तुम्ही मनातून काढून टाकायचं. त्यावरून काहीही अंदाज बांधायचा नाही. ऐकलंच नाही असं समजायचं. आम्ही बाराही जणांनी शाळेतल्या मुलांसारख्या माना हलवल्या. माझी सगळ्यात जोरात हलली असेल.

पण आतल्या आत ते वाक्य मी केव्हाच पुरं करून टाकलं होतं. कामावरून काढल्यावर शेड पेटवली. दुसरं काय असणार? मला त्यासाठी जरासुद्धा विचार करावा लागला नाही. वकिलाची खुर्ची जमिनीवर पडायच्या आत माझं वाक्य तयार होतं.

आम्ही निकालाच्या खोलीत गेलो तेव्हा मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं, की जज्जसाहेबांनी बाजूला ठेवायला सांगितलेली गोष्ट आपण बाजूला ठेवणार. जो ती तोंडातून काढेल त्याने बाराही कप धुवायचे. सगळ्यांना ते पसंत पडलं. आपण किती सज्जन माणसं आहोत, असं त्या क्षणी आम्हाला वाटलं. खोलीत एकदम ऊब आल्यासारखी झाली, आणि ती हीटरची नव्हती.

पहिलं मत घेतलं तेव्हा आठ जण 'दोषी' म्हणाले आणि चार जण 'नाही'. तेव्हा बाराही जणांचं एकमत लागायचं. आम्ही गवताबद्दल बोललो, पिकअपबद्दल बोललो, बुटांबद्दल तर इतकं बोललो की ते बूट टेबलावर ठेवलेत असं वाटावं. एक टायरच्या दुकानाचा मालक सारखं म्हणत होता, लाज वाटली म्हणून कोणी बूट सोडून जातं का? नव्या बुटांना किती पडतात ठाऊक आहे का? दुपारपर्यंत चौघांतले दोघं आमच्याकडे आले.

उरलेल्या दोघांत एक रोबिना होती. तेवीस-चोवीस वर्षांची, बँकेत कॅशियर, बोलताना बोटाने टेबलावर रेघा ओढायची. ती इतका वेळ गप्पच होती. ती एकदम म्हणाली, "मला एक विचारायचंय. ते मिसेस क्रोलचं वाक्य..."

मी म्हटलं, "कप धुवायचेत का गं, पोरी?"

सगळे खो खो हसले. टायरवाल्याने आपला कप उचलून तिच्यापुढे सरकवला. रोबिना कानापर्यंत लाल झाली आणि तिनेही हसून घेतलं. तासाभराने तीही 'दोषी' म्हणाली. मी मनात म्हटलं, बरं झालं वेळेवर अडवलं. शप्पथ सांगते, मला वाटलं मी ओवेन मॅडर्नचंच रक्षण करतेय.

मग राहिला अर्न. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो एकटा आमच्यासमोर बसला होता, हात छातीवर बांधून. त्याचं म्हणणं साधं होतं. एकोणीस दिवसांचं ओलं गवत मी माझ्या डोळ्यांनी पेटताना पाहिलंय, एकदा नाही, दोनदा. एकदा तर माझंच. तिथे कोणी पिकअप घेऊन आलं नव्हतं. मग या पोराने लावली असं मी कसं म्हणू? आणि त्याचं चुकत नव्हतं. त्या खोलीत शेतातलं जर कोणाला कळत असेल तर ते अर्नलाच, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्याला मी वळवलं. दुसऱ्या कोणी नाही. जेवणानंतर मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि हळू आवाजात बोलले, जसं मी नाराज बायकांशी प्रदर्शनात बोलते.

"अर्न, गवताचं तू म्हणतोस ते खरंच आहे. पण नुसतं गवत धरून कसं चालेल? सगळं एकत्र धर ना."

"सगळं म्हणजे?" तो म्हणाला.

"सगळं म्हणजे सगळं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्या 'सगळ्या'त काय होतं ते त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. कोणी नियम मोडला नाही. कोणाला कप धुवावे लागले नाहीत. अर्नने खिडकीबाहेर बघून घेतलं आणि म्हणाला, ठीक आहे.

कोर्टात उभं राहून निकाल मी सांगितला. आवाज अजिबात थरथरला नाही. मागच्या बाकावर एक बारीकशी बाई टोपी मांडीवर घेऊन बसली होती. मी 'दोषी' म्हटलं तेव्हा तिने ओवेनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पुढे ओवेनला चार वर्षांची शिक्षा झाली.

कोर्टातून सुटल्यावर आम्ही चौघं समोरच्या पबमध्ये गेलो. अर्न, रोबिना, टायरवाला आणि मी. झालं एकदाचं म्हणून जिभा सैल सुटल्या होत्या. पहिल्या ग्लासाच्या तळाशी टायरवाला म्हणाला की आता बोलायला हरकत नाही, आधीच्या मालकाला त्याने चांगला चोप दिला असणार, मी तेव्हाच ओळखलं होतं. मी म्हटलं, चोप कसला? शेड पेटवली असणार. अर्नने ग्लास खाली ठेवला. तो म्हणाला, "मी तर समजलो, दूध नासवलं. टाकीत काहीतरी टाकलं. असं करणारा एक गडी माझ्याकडे होता."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि प्रत्येकाने त्या मुठीत आपापला ऐवज भरला होता. बाकीच्या आठ जणांनी काय भरलं होतं देव जाणे.

मी रोबिनाला विचारलं, तुला काय वाटलं होतं?

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला एवढंच म्हणायचं होतं, की त्या काय बोलणार होत्या ते आपल्याला ठाऊक नाहीये. कोणालाच. तेवढं एकदा मोठ्याने म्हणून टाकू या, म्हणजे डोक्यातून जाईल, असं वाटलं मला."

"मग बोलली का नाहीस?" टायरवाल्याने विचारलं, आणि विचारल्यावर त्याची नजर माझ्याकडे गेली.

मी पर्स उचलून घरी आले. त्या दिवसापासून माझी झोप उडाली म्हणाले तर खोटं होईल. मी झोपत होते. मनाला समजावत होते, की त्या वाक्याचं शेपूट काहीही असो, चोप असो, आग असो, नासलेलं दूध असो, चांगलं तर काही नसणार. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. असं म्हणत म्हणत मी सव्वा वर्ष काढलं.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात क्रोलांच्या गावच्या प्रदर्शनात नेहमीची परीक्षक आजारी पडली आणि मला बोलावलं. शेडमध्ये माझ्या मदतीला म्हणून जी बाई वही-पेन्सिल घेऊन उभी राहिली, ती थेल्मा क्रोल. तिने मला लगेच ओळखलं. तुम्ही त्या खटल्यात होतात ना, म्हणाली, आणि जुनी मैत्रीण भेटावी तशी खुलली. स्कोन झाले, बिस्किटं झाली, स्पंज केक सुरू व्हायचे होते. मी सुरी फडक्याला पुसत होते. मला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं.

"थेल्मा, त्या दिवशी कोर्टात तुम्हाला मधेच थांबवलं. काय सांगणार होतात?"

"अगं बाई, ते होय." ती जरा वरमली. "मला फार बोलायची खोड आहे. स्टॅन्लीही म्हणाला, कशाला लांबण लावत होतीस. मी एवढंच सांगत होते, की आधीच्या मालकाकडेही यानं हेच केलं होतं. कामावरून काढल्यावर रागारागात निघून गेला, सामान तिथेच टाकून. मग चार दिवसांनी फाटकाशी घुटमळत उभा. आत यायची लाज. शेवटी त्या मालकाच्या बायकोनेच बाहेर नेऊन दिलं म्हणे. तिनेच सांगितलं मला. म्हणून मी स्टॅन्लीला म्हटलं, ओवेन आलाय, त्याचे बूट देऊन ये."

मी सुरी टेबलावर ठेवली. पोलिसांना हे सांगितलं होतं का, असं मी विचारलं.

"त्यांनी विचारलं, गाडी दिसली का? म्हटलं, दिसली. आणि आम्हाला बाहेर काढलं तेव्हा जज्जसाहेब म्हणाले, आधीच्या नोकरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काय सांगत होतात असं कोणी विचारलंच नाही." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का हो? काही महत्त्वाचं होतं का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. स्पंज केकांना कोणते नंबर दिले तेही आठवत नाही. ओवेनने पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं होतं, ज्यावर भुवया उंचावल्या होत्या, ज्यावर टायरवाला हसला होता, तेच ही बाई आपणहून सांगायला निघाली होती. त्याच्याच वकिलाने ते तोडलं, घाबरून. आणि उरलेलं आम्ही आपल्या मनाने लिहिलं. त्यातून मी ते कोणाला पुसूही दिलं नाही.

त्या आठवड्यात मी मेलबर्नला पेंडरच्या ऑफिसात गेले. सगळं सांगितलं, कपांसकट. तो आधी पांढरा पडला, मग उठून त्याने दार लावलं. तो म्हणाला, मिसेस क्रोलचं म्हणणं लिहून घेऊन मी वरच्या कोर्टात पाठवतो, पण आगीच्या अर्धा तास आधी ओवेन तिथे होता हे त्याने कधीच नाकारलं नव्हतं, तेव्हा फार आशा धरू नका. मी विचारलं, आणि मी जे सांगितलं त्याचं काय? आम्ही त्याला कशावरून दोषी धरलं हे मी शपथेवर सांगते ना.

"ते कोर्टाला ऐकताच येत नाही," तो म्हणाला. "ज्युरीच्या खोलीतलं कोर्ट ऐकत नाही. मी ते मांडलं तर जज्ज म्हणतील, हे नोंदीतून काढा. ते ऐकलंच नाही असं समजतील. आणि कोर्टाला ते खरंच जमतं, बाई."

त्याने पाठवलेल्या अर्जाला तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. नाही.

मग मला त्या मागच्या बाकावरच्या बाईशिवाय कोणी आठवेना. ओवेनची आई, आयरिस मॅडर्न, रेल्वेच्या रुळांपलीकडे एका लाकडी घरात राहायची. दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही त्या उभ्या राहून सांगणाऱ्या." आत घेतलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला रडू येत होतं, आणि तिच्यासमोर रडायचा मला अधिकार नाही म्हणून मी ते गिळत होते.

माझं संपल्यावर तिने टेबलाच्या खणातून पत्रांचा एक गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. पाकिटं उघडलेली होती. दर पंधरा दिवसांनी एक यायचं, असं ती म्हणाली. तिने एकालाही उत्तर दिलं नव्हतं. एकदाही भेटायला गेली नव्हती.

"माझा त्याच्यावर भरवसा होता," ती म्हणाली. "निकालाच्या दिवसापर्यंत होता. मग तुम्ही उभ्या राहिलात. मी तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, ही बाई खोटं बोलणाऱ्यातली नाही. बारा माणसांनी पाच दिवस बसून ऐकलंय. त्यांना कळलं, आपल्याला कळलं नाही, आईला कळत नाहीच कधी." ती पाकिटांच्या कडा जुळवत राहिली. "आता तुम्ही म्हणता, ते धरू नका. इतके दिवस मी त्याला तसाच बघितलाय, डोळे मिटले तरी काडी ओढतानाच दिसतो. तो मी कुठे टाकू, सांगा मला."

पाकिटं परत खणात ठेवून ती म्हणाली की भेटीचा दिवस रविवार असतो, बस तिकडे जात नाही, आणि माझ्याकडे गाडी आहे असं दिसतंय. त्याला पत्र टाकून मी तुमचं नाव घालायला सांगते. मी त्याला काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.

परवानगी यायला तीन आठवडे गेले. त्या रविवारी आम्ही दोघी दोन तास गाडीत शेजारी बसून गेलो आणि रस्त्याच्या वळणांपलीकडे काही बोललो नाही. तो साध्या कैद्यांचा तुरुंग होता, आत शेती, पन्नासेक गाई. भेटीच्या खोलीत लाकडी टेबलं आणि चहाचं एक यंत्र. ओवेन आला. खांदे आणखी पडले होते. दाराशीच त्याला आई दिसली आणि तो जागच्या जागी थांबला, पुढे यावं की नाही हे न कळल्यासारखा. आईने उठून त्याची कॉलर सरळ केली. बस तेवढंच.

तो समोर बसला. मग त्याची नजर माझ्यावर आली. मला वाटलं, आता हा उठून जाईल, आणि जावं असंच मला वाटत होतं. पण तो टेबलावर पुढे वाकला आणि हळूच, आईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "बरं झालं तुम्ही आलात. एक विचारू? मी पिंजऱ्यात काय चुकीचं बोललो? दीड वर्ष तेच आठवतोय. लाज वाटली म्हणालो तिथे चुकलं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "तू काहीच चुकीचं बोलला नाहीस."

त्याने आईकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

"मग?" तो म्हणाला.